सतरा सोडून सगळ्यांचा

६ एप्रिल
पहिली पाळी करून आलो तर रूमवर पाणी नाही. टँकर उद्या. कैलास गाइड मांडीवर घेऊन बसलेला. त्याची पोलीस भरती. दर वर्षी नवी भरती, नवं गाइड, कैलास तोच. मला म्हणला, "दत्त्या, एकपासून दहापर्यंत सगळ्यांनी भाग जाईल असा सगळ्यात लहान आकडा सांग."
मी म्हणलं, मी नववीत शाळा सोडलेला माणूस, मला काय विचारतो.
"म्हणूनच विचारतो. तुला आलं म्हणजे प्रश्न सोपा आहे."
उत्तर गाइडातच मागं छापलेलं. २५२०. मोबाइलवर करून बघितलं. सातानं ३६०. आठानं ३१५. नवानं २८०. कुठंच टिंब नाही. मी शाळेत काहीही भागलं की टिंब यायचंच, आन् टिंबामागं आकड्यांची रांग. इथं सगळं साफ.
कैलास पुढच्या प्रश्नावर गेला. मी नाही गेलो.

७ एप्रिल
मायचा फोन. पहिला सवाल, "अजून तिथंच हाईस का?" चाकण झालं, सुरत झालं, हैदराबादला कूलरच्या कारखान्यात झालं. किनवटकडचं पोरगं एवढं फिरत नाही म्हणते. "तुझ्या पायाला भिंगरी हाय. या डावाला तरी टिक." मी म्हणलं, बघू. ती म्हणली, "बघू म्हणलास की मला बॅग दिसती तुझी."
तिला सांगितलं नाही ते इथं लिहितो. शेठच्या शॉपात सगळी मशीनं नवी, फक्त कोपऱ्यातलं गिअर कापायचं मशीन जुनं. ते शब्बीरचाचा चालवतात, मी हाताखाली. चाचा मेअखेर घरी बसणार, डोळे साथ देत नाहीत. शेठ काल म्हणला, "चाचा गेले की हे धूड भंगारात. गिअर बाहेरून कापून आणू." मी मशीनवर हात ठेवून उभा राहिलो तर म्हणला, "तुला सोपवलं असतं रे. पण तू दिवाळीपर्यंत दिसशील का?"
बरोबरच आहे त्याचं.
पण मला ते मशीन पाहिजे. असं कुठल्या मशीनचं झालं नव्हतं.

९ एप्रिल
गाइड दहाला थांबलं. २५२० ला अकरानं भागलं तर टिंब. मग आख्ख्यालाच अकरानं गुणलं. २७७२०. अकरा खूश. सहज बारा करून बघितला तर तोही जातो, २३१०! बाराला मी काही दिलंच नव्हतं. फुकटात आत आला.
बसमध्ये सगळा रस्ता हाच विचार. फाट्यावर उतरायचं राहिलं, पुढून उन्हात चालत आलो.

१० एप्रिल
चाचांना विचारलं, बारा कसा काय जातो. त्यांना आकडे विचारले की बरं वाटतं. मशीनचं कामच ते. जेवढे दात कापायचे तो आकडा फोडायचा, आन् डब्यातल्या दातेरी चकत्यांमधून जुळणाऱ्या चार निवडून मशीनच्या बगलेत अडकवायच्या. फोड चुकली की दात चुकला.
चाचा म्हणले, "बारा में क्या है? तीन और चार. दोनो घर में पहले से बैठे हैं. फिर बारा कू कौन रोकता?"
"आन् अकरा?"
"अकरा फोड के दिखा."
फुटत नाही. कशानंच नाही.
"हौ. वो कडक है. कडक कू न्योता देना पडता. बाकी के अपने आप आते."
मी चहा प्यायचा विसरलो. चाचांनी माझाही पिला.

१२ एप्रिल
तेरा कडक. आवतण दिलं, म्हणजे तेरानं गुणलं. ३६०३६०. चौदा आपोआप आला, दोन आन् सात आतच होते. पंधरा आपोआप. सोळाला अडला. २२५२२.५. टिंब, आन् त्याच्यामागं एकटा पाच. नुसत्या अर्ध्यासाठी अडून बसला!
डबा खाताना कळलं. सोळा म्हणजे दोन चार वेळा. माझ्याकडं दोन तीनच वेळा होता. चौथा दिला.
७२०७२०.
सात लाख वीस हजार सातशे वीस. एकापासून सोळापर्यंत कुणाला नाय म्हणत नाही. दिसायलाही कसा, एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखा. कैलासला दाखवला. "परीक्षेत एवढं विचारत नाहीत," म्हणला. मी म्हणलं, नको विचारू दे, त्याचं काय अडलंय.
त्याचं नाव ठेवलं थोरला.

१४ एप्रिल
सुट्टी. कैलास क्रांती चौकात मिरवणुकीला ओढून घेऊन गेला. निळ्या गुलालानं माखून आलो. एका ठिकाणी बुंदीचे लाडू वाटत होते, वाटणारा पोरगा प्रत्येकाला दोन देत होता, पुढं कमी पडले आन् भांडण लागलं. मला हसू आलं. थोरल्याएवढे लाडू असते तर पंगतीला कितीही बसा, दोन बसा, सात बसा, तेरा बसा, चौदा बसा. प्रत्येकाला सारखे आन् ताटात चुरासुद्धा उरणार नाही.
आंघोळ करून एकेकाचा वाटा काढला.
आठाचा ९००९०.
नवाचा ८००८०.
बाराचा ६००६०.
पंधराचा ४८०४८.
सोळाचा ४५०४५.
हे काय आहे! सगळे जुळे. वाटला तरी दोनदाच बोलतो.
पण सात, अकरा, तेरा आन् चौदाला जुळं येत नाही. सातचं १०२९६०. हे चार वेगळे का. डोकं तापलं. बाहेर अजून डीजे.

१५ एप्रिल
कळलं! टूलरूमच्या पायरीवर. ७२० च्या पुढं ७२० लिहिलं म्हणजे ७२० हजार आन् वर ७२०. म्हणजे ७२० ला १००१ नं गुणलं. आन् १००१ फोडला की काय निघतं? ७, ११, १३. हेच. तिन्ही कडक, तिन्ही त्या एका हजार एकात राहतात. आठ, नऊ, बारा, पंधरा, सोळा हे सगळे ७२० मधले, ते ७२० खातात आन् १००१ ला हात लावत नाहीत, म्हणून जुळं टिकतं. सात आला की १००१ मधलाच तुकडा काढतो, जुळं मोडतं. चौदाच्या पोटात सात, म्हणून चौदाही तसाच.
मी पायरीवरून उठून उगाच पंपापर्यंत चालत गेलो आन् परत आलो. कुणाला सांगू. चाचांना सांगितलं. चाचा ऐकून म्हणले, "वा. सातसो बीस घर का मालक, एक हजार एक उसकी बीवी. दोनो के रिश्तेदार अलग अलग." आन् मोठ्यानं हसले.
एवढी वर्षं हा आकडा होताच. मी सुरतला होतो तेव्हाही होता. माझ्या आधी कितीतरी जणांना सापडला असेल. तरी मला पायरीवर सापडला ते माझंच.

१७ एप्रिल
सतरा जात नाही. पाच उरतात. अठरा जातो, ४००४०. वीस जातो. एकवीस, बावीस जातात. चोवीसचा ३००३०. एक ते अठरा मध्ये सतरा एकटाच दाराबाहेर. त्याला आत घ्यायचं तर सतरानं गुणावं लागेल, १२२५२२४०. गुणून बघितलं, मग पुसलं. त्यात ती गंमत नाही. थोरला सतराशिवायच थोरला.
तरी सतराचं वाईट वाटलं.

१९ एप्रिल
चाकणला माझ्याबरोबर होता त्या बाळ्याचा फोन. तिकडं नवी कंपनी, कँटीन, बस, सगळं. "तू ये, मी बोलतो सुपरवायझरला. वाळूजला काय ठेवलंय?" मी म्हणलं थोरला आहे इथं. "कोण? शेठ का?" म्हणला. मी म्हणलं, व्हय, तसंच.
कैलास ऐकत होता. बाळ्याला ओरडून म्हणला, "ह्याला कामावर घेऊ नको, हा आकड्याच्या प्रेमात पडलाय."

२२ एप्रिल
मुकुंदवाडीच्या सुमनमावशी आल्या. त्यांचं स्टेशनजवळ मिरची कांडप. रिक्षातून पोतं उतरवलं आन् अख्खं शॉप शिंकायला लागलं. त्या एकट्या नाही शिंकल्या. शेठ नाकाला रुमाल लावून म्हणला, "बाई, आता सहा महिने आमच्या मशीनी तिखट बोलतील."
"बोलू द्या. मला गिअर द्या आधी. ऐन सीझनला बंद पडलंय. बायका मिरच्या घेऊन येतात आन् समोरच्या गल्लीत जातात."
पोत्यात दोन चाकं. लहान पिनियन, सतरा दातांचं, ते बरं आहे, फक्त एका दाताला ठेच. मोठं एक्कावन्न दातांचं, ते गेलं. शेठ म्हणला, चाचा उद्यापासून डोळ्याच्या दवाखान्यात, चार दिवस येणार नाहीत. "दत्ता, हा जॉब तू एकटा कर. जसा आहे तसा मोठा नवीन कापून दे. हा जमला तर मशीनचं बोलू."
म्हणजे आली वेळ.
मावशीनं माझ्याकडं खालून वर बघितलं. "ह्यो? ह्याला मिशी तरी हाय का नीट?"

२३ एप्रिल
मोडकं चाक घेऊन बसलो होतो. दात सगळीकडं खराब नाहीत. तीनच जागी मोडलेत, बाकीचे जवळजवळ नव्यासारखे. तिन्ही जागांमधलं अंतर मोजलं. सतरा, सतरा, सतरा.
पुन्हा मोजलं. तेच.
५१ म्हणजे ३ गुणिले १७. पिनियनचा ठेच लागलेला दात दर फेरीला त्याच तीन दातांवर येतो. जन्मभर तेच तीन. बाकीच्या अठ्ठेचाळीस जणांना त्याची भेटच नाही. तीन जणांनीच सगळा मार खाल्ला.
मिरचीत खडा येतोच, मावशीच म्हणत होत्या. पिनियनला आज ना उद्या पुन्हा ठेच लागणार. पुन्हा तीनच दात मोडणार.
पण चाक ५२ चं असलं तर? ५२ म्हणजे ४ गुणिले १३. सतराशी त्याचं काहीच नातं नाही. मग ठेचेचा दात मोठ्या चाकाच्या एका फेरीत तिघांना भेटेल, पुढच्या फेरीत त्यांच्या शेजाऱ्यांना, असं करत सगळ्यांना. मार वाटला जाईल. सगळ्यांना थोडा थोडा, कुणीच मोडणार नाही.
थोरल्यात तेरा आहे, चार आहे, म्हणजे बावन्न त्याच्याच घरातला. सतरा त्याच्या घरात नाही म्हणून आत्तापर्यंत वाईट वाटत होतं. आता कळतंय, ज्याचं नातं नाही तोच फिरून फिरून सगळ्यांना भेटतो.
चाचांना फोन लावला. त्यांच्या सुनेनं उचलला, डोळ्यात औषध घातलंय म्हणली.

२४ एप्रिल
बावन्नच करतोय. ज्यावर दात कापायचे ती कोरी चकती लेथवर जरा मोठ्या मापाची करून घेतली, दात वाढला म्हणजे चाक वाढणारच. शेठ पुण्याला गेलाय. फोड मीच केली, डब्यातल्या चकत्या मीच अडकवल्या. पहिला दात कापताना दोनदा मशीन थांबवून बघितलं. नंतर नाही.

२५ एप्रिल
झालं. काय दिसतंय! बावन्न दात, एकसारखे. बोट फिरवलं तर वीणेसारखं वाजतं. आजपर्यंत हातानं केलेल्या कामात इतकं चांगलं काही नाही. दाखवायला चाचा नाहीत. फोटो काढून मायला पाठवला. तिचा उलट फोन, "हे कशाचं फूल हाय?"

२६ एप्रिल
बसत नाही.
मुकुंदवाडीला मावशीच्या कांडपात घेऊन गेलो. दोन शाफ्ट, म्हणजे चाकांचे दांडे, बिडाच्या घरात पक्के. चाक शाफ्टवर जातं पण पिनियनला भिडून अडतं. हातोडीनं बसायची गोष्ट नाही, दीड मिलीमीटरचा फरक. चाक मोठं झालं तेव्हा दोन शाफ्टमधलं अंतरही मोठं लागणार. ते मी बघितलंच नाही. दोन दिवस नुसता आकड्यात होतो. आकड्याला जागा लागत नाही. चाकाला लागते.
मावशी म्हणल्या, "किती दात हायेत याला?"
"बावन्न."
"आन् माझ्या जुन्याला?"
"एक्कावन्न."
"मग एक जास्तीचा कशाला घातलास? तुझ्या लग्नात तेहतीस दातांची बायको करणार हाईस का?"
मी समजावायला लागलो, सतरा, तीन जागा, नातं. दारात दोन बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. मावशी त्यांना म्हणल्या, "जावा बायांनो समोर. इथं गणित चालू हाय."
शेठला फोनवर सांगावंच लागलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणला, "जसा आहे तसा म्हणलो होतो ना मी?" आन् ठेवला.

२७ एप्रिल
शॉपात गेलो नाही. बाळ्याला फोन केला. ये म्हणला, गुरुवारपासून भरती आहे. बॅग भरली. दोन पँटी, चार्जर, चादर. कैलास गाइडमधून मान वर न करता म्हणला, "थोरल्यालाही घेऊन जा. इथं ठेवू नको, मला अभ्यास आहे."
त्याच्यावर ओरडलो. उगाच.
मग चाचांचा फोन. "सेठ ने बताया. तू चाक लेके मेरे घर आ."
"चाचा, मी चाकणला निघालो."
"जा ना. कौन रोकता. पहले चाक दिखा के जा."

२७ एप्रिल, पुन्हा
चाचांचं घर शहागंजात, गल्लीच्या आत गल्ली. दुपारचं ऊन. चाचा काळा चष्मा लावून पलंगावर, डोळ्यात थेंब, काही दिसत नाही. चाक मांडीवर घेतलं आन् अंगठा फिरवत गेले. एकेक दात. पूर्ण फेरी. सून दारात उभी राहून बघत होती.
"दात अच्छे काटे तूने," म्हणले. "मगर बावन कायकू?"
सांगितलं सगळं. मोडक्या चाकाच्या तीन जागा. सतरा. थोरला. मार वाटला जाणं. बोलता बोलता माझा आवाज मोठा झाला, सुनेनं पोराला उचलून आत नेलं.
चाचांनी चाक उशाशी ठेवलं. मग म्हणले, "बात तेरी सही है. जगा गलत है."
मला वाटलं झालं, संपलं. तर म्हणले, "एक्कावन की चकती ले. बढाना नक्को, उतनीच रख. उसपे बावन दात काट."
"बसतील का?"
"दात जरा नीचे उतरेंगे. जड में पतले. चाक का साइज वही रहेगा, शाफ्ट में बैठेगा. मेरे उस्ताद कू करते देखा था, एक बार. मैंने खुद कभी नई किया."
"मोडले तर?"
"तो मोडले. मेरेकू क्या पूछता, मेरेकू तो दिखता बी नई."
सुनेनं शरबत आणलं. चाचांनी तिच्या फोनवरून शेठला लावलं. माझ्यादेखत. "सेठ, एक चकती और दे दो. मेरे जाने का तोहफा समझो." पलीकडून बराच वेळ काहीतरी. चाचा मध्ये मध्ये नुसते "हौ, हौ." फोन ठेवून म्हणले, "आखरी बोल्या. ये चाक चला तो मशीन की बात करेगा. नई चला तो एक्कावन बाहर से लाएगा और मशीन भंगार में."
निघताना म्हणले, "वो सातसो बीस वाला फिर से बता, कौन कौन बीवी के रिश्तेदार है?"
सात, अकरा, तेरा. तिन्ही नावं घेतली. चष्म्याखाली हसले.
बॅग अजून भरलेली आहे. चादर तेवढी काढली.

२८ एप्रिल
शेठनं चकती दिली, तोंड न बघता. "चाचांसाठी," म्हणला. मी मान हलवली. जेवणाच्या सुट्टीत थोरल्याकडं बघायची हिंमत झाली नाही. दोन दिवस त्याच्यावर रागावलो होतो. त्याचा काय दोष. तो कुठं म्हणला होता चाक मोठं कर.
संध्याकाळी एक हिशोब सुचला. याच मापाच्या दातांचं ७२०७२० दातांचं चाक केलं तर केवढं होईल? दोन किलोमीटरच्या वर रुंद! मुकुंदवाडी स्टेशनाबाहेर एक काठ ठेवला तर दुसरा सिडकोत. आन् त्याला मावशीचं सतरा दातांचं पिनियन लावलं, तर त्याचा एकटा ठेचेचा दात फिरत फिरत सात लाख वीस हजार सातशे वीस जणांना भेटेल. एकही सुटणार नाही. सोळा दातांचं लावलं तर? सोळाला थोरला ओळखतो. ओळखीचे ठरलेलेच दात भेटणार, बाकीचे नाहीत.
कैलासला सांगितलं. या वेळी हसला नाही. म्हणला, "हे खरंय का?" आन् गाइडाच्या कोऱ्या पानावर लहान आकड्यांवर करून बघायला लागला. चार आन् सहा, मग पाच आन् सहा. जेवण गार झालं दोघांचं.

२९ एप्रिल
कापलं. एक्कावन्नच्या चकतीवर बावन्न. दात बारीक दिसतात, बुडाला किंचित सडपातळ. पहिल्यासारखं देखणं नाही. चाचा घरून फोनवर, मी मशीनजवळ, मध्ये मध्ये विचारत होते, "आवाज कैसा है? रगडता क्या?" फोन मशीनजवळ धरला. ऐकून म्हणले, "ठीक. कान अभी बी चलते मेरे."
बाळ्याचा मेसेज, उद्या येतो का. उत्तर दिलं नाही.

१ मे
कांडपात बसून लिहितोय. सुट्टीचा दिवस, तरी आलो. शेठनं येतो म्हणून सांगितलं नाही, आला नाही.
चाक बसलं. शाफ्टवर गेलं, पिनियनला लागलं, हातानं फिरवलं तर केसाएवढी ढील. गेल्या डावाला जिथं अडलं तिथं अडलं नाही. मी दोन वेळा काढून पुन्हा बसवलं, खरंच का म्हणून. आता बटण दाबायचं तेवढं राहिलं, भार पडल्यावर दात टिकतात का तेच बघायचं. तर लाइट गेली. मुकुंदवाडीत आख्ख्या. कधी येणार कुणाला माहीत नाही.
मावशी म्हणल्या, "तुझं तोंडच तसं हाय." मग आत गेल्या आन् कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. नवं लोखंड घरात आलं की कुंकू लावल्याशिवाय चालू करत नाहीत म्हणे. चाकाला लावायला वाकल्या, हात पोचेना, म्हणून पिनियनच्याच एका दाताला लावलं. गोड तेलात कालवलेलं, जाड.
मी सहज पट्ट्याच्या चाकाला हात घालून फिरवलं. लाल दात मोठ्या चाकात गेला, एका दाताला लाल करून बाहेर आला. अजून एक वळसा, अजून एक लाल. मोठ्या चाकाची एक फेरी झाली तर पहिल्या लालच्या शेजारचा दात लाल. मावशी बघत होत्या. "थांब. तिथंच नाही आलं का ते परत?"
"नाही. शेजारी आलं."
"परत फिरव."
फिरवलं. त्याच्याही शेजारी. मावशीनं बोटानं पिनियनच्या दाताला पुन्हा कुंकू लावलं, पदर खोचला आन् म्हणल्या, "सर बाजूला, मी फिरवते." मग मला म्हणल्या, "जुन्याला असं केलं असतं तर?"
"तीनच लाल झाले असते."
"तेच तीन?"
"तेच तीन."
मावशी तशाच फिरवत राहिल्या. चाकावर लाल रंग एकेका दातानं मागं सरकतोय, तीन ठिकाणी एकदम, कुणीतरी उंबरे ओलांडत चाललंय तसा. दारात मिरचीची पिशवी घेऊन एक बाई आली, लाइट नाही म्हणून परत निघाली, मग तीही थांबली. "काय चाललंय?" मावशी म्हणल्या, "गप. बघ नुसतं."
चाचांना फोन लावून नुसता चाकाजवळ ठेवलाय. ते पलीकडं ऐकतायत, मध्येच "हौ" म्हणतात.
शेठचा मिस्ड कॉल दोनदा येऊन गेला. लाइट आली की उचलीन. तोपर्यंत त्याला काय सांगणार.
चाकाचे अजून अकरा दात कोरे आहेत. मावशी दमल्यात, पण हात सोडत नाहीत.